माझा सहा गोण्या पाला जाळला

सहा गोण्या! तीन आठवडे रोज सकाळी खाली उतरून, गच्चीवरच्या कुंड्यांसाठी वाकून वाकून गोळा केलेल्या पाल्याच्या सहा गोण्या मी पार्किंगच्या मागच्या भिंतीला नीट लावून ठेवल्या होत्या. काल सकाळी दूध घ्यायला खाली गेले तर तिथे काळा डाग आणि धूर. गोण्या प्लॅस्टिकच्या, त्या वितळून फरशीला चिकटल्या होत्या. आणि बरोबर वरच्या मजल्यावर दोन महिन्यांचं बाळ आहे. त्यांच्या खिडकीतून तो धूर थेट आत जात होता.

झाडणाऱ्या मावशींना विचारलं तर त्या बिचाऱ्या घाबरल्या. "ताई, कमिटीनं सांगितलं, होळीच्या आधी तो कोपरा साफ करा." त्यांच्यावर माझा अजिबात राग नाही. राग आहे तो सांगणाऱ्यांवर. वर जाऊन जाब विचारला तर उत्तर काय, "अहो काकू, कचराच होता ना तो!"

कचरा? अरे, तुम्हाला झाडाखाली पडलेलं प्रत्येक पान कचराच दिसतं का?

आपल्याकडे झाडं पानं कधी टाकतात ते एकदा मान वर करून बघा. बर्फाच्या देशात हिवाळ्याआधी टाकतात, आपल्याकडे माघ-फाल्गुनात, उन्हाळ्याच्या तोंडावर. आमच्या गेटजवळचा बदाम लालभडक होऊन झडतो, मग कडुनिंब, मग करंज. हवा तापायला लागते आणि झाड स्वतःच्या बुडाशी पांघरूण टाकतं. आणि नेमक्या याच दिवसांत कुंड्यांचं सगळं काम निघतं. मोगरा छाटायचा, जुनी पानं ओरबाडायची, वरची दोन बोटं माती काढून शेणखत घालायचं, जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण जुन्या दातघासणीनं घासून काढायचा. हे झालं की प्रत्येक कुंडीत दोन-तीन इंच सुक्या पाल्याचा थर. बदामाची पानं मोठी, ती हातानं चुरावी लागतात, नाहीतर पाणी वरूनच वाहून जातं. कडुनिंबाची बारीक, ती त्यांच्यात मिसळायची. करंजाचा पाला तर सोनं आहे, गावाकडे शेतात मुद्दाम आणून गाडतात. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा गच्चीवरची उघडी कुंडी सकाळी भरून पाणी घातलं तरी दुपारी भेगा पडलेली असते. पाला असलेल्या कुंडीला माझ्याकडे दिवसातून एकदाच पाणी लागतं, आणि संध्याकाळी बोट घालून बघितलं तरी खाली ओल असते.

चाळीस कुंड्यांचं पांघरूण होतं ते. गेलं.

आणि मला सर्वात संताप कशाचा येतो सांगू? हीच माणसं एप्रिल उजाडला की नर्सरीत जाऊन कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, विटा आणि खताच्या पिशव्या घेऊन येतात. फुकटचं दारात पडलेलं जाळायचं आणि पैसे देऊन दुसरीकडचं आणायचं! पाणीकपातीची नुसती चर्चा सुरू झाली की पहिली नोटीस माझ्या दारावर, "गच्चीवरील झाडांना पाण्याचा अपव्यय करू नये." अपव्यय कोण करतंय?

एक शहाणे म्हणाले, राख पण खतच असते की, ती टाका कुंडीत. राखेत पोटॅश असतं, मान्य. पण पाल्यातलं नत्र धुरात गेलं, मातीला भुसभुशीत करणारं जे होतं ते सगळं जळून गेलं. शिवाय राख अल्कधर्मी. आपल्या जमिनीत आधीच चुनखडी, बोअरचं पाणी इतकं जड की कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो. त्यात ओंजळ ओंजळ राख घाला आणि मग विचारत बसा, मोगऱ्याची पानं पिवळी का पडली!

द्राक्षाच्या जिल्ह्यात राहतो हो आपण. निफाडला माझ्या भावाची बाग आहे. एप्रिलची खरड छाटणी झाली की तो वेलांच्या बुडाशी उसाचं पाचट अंथरतो, त्यासाठी गाडीभाडं भरतो, मजूर लावतो. उन्हात उघडी माती म्हणजे मेलेली माती, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि इथे गंगापूर रोडला शिकलीसवरलेली माणसं काडी लावून मोकळी होतात.

नियमाचंही सांगते. 2016 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला 5,000 रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25,000. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांत बागेतला पालापाचोळा आपल्याच आवारात वेगळा ठेवा असं लिहिलं होतं. मी तेच केलं होतं. नियम पाळणारीच्या गोण्या जाळल्या आणि जाळणारे वर तोंड करून बोलतात.

"गाडीवाले एवढा पाला घेत नाहीत, मग काय करायचं?" हेही ऐकून घेतलं. अहो, गाडीला द्यायचाच कशाला? मागच्या कोपऱ्यात चार विटा रचा, पाला टाका, मधूनमधून पाणी आणि शेणाचा काला शिंपडा. पुढच्या पावसाळ्यापर्यंत खत तयार. मी तीन मीटिंगांत हे सांगितलं. तिन्ही वेळा लिफ्टच्या विषयावर उडी मारली.

भिंतीजवळचं करंज बघून आले आज. नुकती पोपटी पालवी फुटली होती. आगीच्या बाजूची सगळी करपून तांबूस झालीय, हात लावला तर चुरा. बुडाशी हातभर साल काळी पडून तडकलीय. ते झाड आम्ही राहायला आलो तेव्हा माझ्या खांद्याएवढं होतं, मी दोन उन्हाळे बादलीनं पाणी घालून जगवलंय.

नोटीस बोर्डावर आज पत्र लावलंय, सही माझी. वाण्याकडून दहा रिकाम्या गोण्या आणल्यात. उद्यापासून सहाच्या आत मी झाडू घेऊन खाली असणार आणि भरलेली प्रत्येक गोणी तिसऱ्या मजल्यावर माझ्या गॅलरीत जाणार. करंजाचा पाला अजून आठ-दहा दिवस पडेल. त्यातल्या एका पानाला कुणी काडी लावून दाखवावी.