मुंडक्यांच्या सहवासात

आमच्याकडे पाहुणे येणार असले की बायको आधी मुंडकी आवरते. झाडलोट, उशांचे अभ्रे वगैरे मागाहून. टेबलावर ग्लासात पेन्सिली उभ्या, पेन्सिलींच्या टोकांवर रंग वाळत असलेली डोकी, आणि त्यातली निम्मी टकली. ती डोकी दाराकडे तोंड करून बसलेली असली तर पाहुणा चप्पल काढता काढता थांबतो, असा आमचा अनुभव आहे.

मी बाहुल्या करतो. हे वाक्य बोलल्यावर समोरच्याचं काय होतं, याचा आता माझा चांगला अभ्यास झालाय. आधी त्याला वाटतं, आपण चुकीचं ऐकलं. मग तो सावरून विचारतो, "म्हणजे कारखाना आहे का?" नाही म्हटलं की "दुकान?" तेही नाही म्हटलं की आवाज खाली आणून, सहानुभूतीने, "आणि बाकी काय करता?" बाकी काही करत नाही म्हटल्यावर तो माझ्या बायकोकडे बघतो. बायको छताकडे बघते.

माझ्या बाहुल्यांचं डोकं आणि हातपाय पॉलिमर क्लेचे, म्हणजे एका प्लास्टिकच्या मातीचे, धड कापडाचं आणि आत तारेचा सांगाडा. ही क्ले हवेवर वाळत नाही. साधारण 130 अंश सेल्सिअसला भाजावी लागते, आणि भाजेपर्यंत मऊ असते. हा तिचा गुण. पण तोवर घरात उडणारा प्रत्येक धागा, केस आणि धुळीचा कण तिला येऊन चिकटतो. गोऱ्या गालावर काळ्या स्वेटरची लव बसली की बाहुलीला दाढी येते. म्हणून आमच्या घरात काळा स्वेटर घालायला बंदी आहे, आणि तो आवडीने घालणाऱ्या माणसाशी माझं फारसं पटत नाही.

सुरुवातीला मी घरच्याच ओव्हनमध्ये भाजत असे. सासूबाई राहायला आल्या होत्या. काय शिजतंय बघावं म्हणून त्यांनी दार उघडलं, तर आत ट्रेवर तळवे वर करून हातांची रांग. त्या काही बोलल्या नाहीत. दार हळूच लावलं आणि आत जाऊन मुलीला विचारलं, "तू सुखात आहेस ना गं?" त्यानंतर बाहुल्यांसाठी वेगळा ओव्हन आला. तो तसाही हवाच होता, कारण ही क्ले जास्त तापून करपली की तिचा धूर घशाला झोंबतो. पण घरात तो सासूबाईंच्या नावानेच ओळखला जातो.

या धंद्यात फोनवर बोलायचीही चोरी. माझी एक मैत्रीणही बाहुल्या करते. भर बसमध्ये तिचा फोन येतो आणि मी सांगत असतो, "डावा पाय तुटला गं, तार बाहेर आली. नाही नाही, डोळे काढून ठेवलेत मी. मुंडकं उद्या पाठवतो, धड तू बघ." फोन ठेवेपर्यंत शेजारची सीट रिकामी झालेली असते. कुरिअरवाल्याने पार्सलात काय आहे म्हणून विचारलं तर खरं सांगायचं की खोटं, हा प्रश्न माझ्यापुढे अजून आहे. काचेचे डोळे मिलिमीटरच्या मापाने, जोडीने मिळतात. "डोळे आहेत" असं सांगितल्यावर एका मुलाने फॉर्म पुन्हा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "तुम्हीच लिहा, सर."

"हे सगळं सुचतं कुठून हो?" असंही लोक विचारतात. चांदणं, पाऊस, बालपण असलं काही उत्तर त्यांना हवं असतं. मला सुचतं ते रांगेत उभा असताना, पुढच्या माणसाच्या कानावरून. कानाचा वरचा काठ साधारण भुवईच्या रेषेत येतो आणि पाळी नाकाच्या बुडाशी. पण वय वाढेल तसे कान लांबत जातात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाचा कान म्हणजे माझ्या दृष्टीने पर्वणी. आमच्या इमारतीत एका आजोबांचे कान असे आहेत की लिफ्टमध्ये ते भेटले तर मी माझा मजला सोडून त्यांच्या मजल्यापर्यंत जातो. हल्ली ते मला बघून कानटोपी ओढून घेतात. हाताचंही तसंच. पंजा हनुवटीवर टेकवून चेहऱ्यावर पसरला तर बोटं कपाळापर्यंत, केसांच्या रेषेजवळ जातात. हे प्रमाण चुकलं तर बाहुलीचे हात लहान मुलाचे तरी होतात नाहीतर पैलवानाचे. त्यामुळे हॉटेलात, दवाखान्यात, कुठेही एखाद्याला मी अगदी अदबीने म्हणतो, "जरा तोंडावर हात ठेवता का?" बहुतेकांना वाटतं, मी त्यांना गप्प बसायला सांगतोय.

दातांच्या डॉक्टरांकडे जायला मला आवडतं, असं म्हणणारा मी एकटाच असेन. नाकपुड्या खालून नीट बघायला मिळतील अशी दुसरी जागा नाही. "दुखतंय का?" त्यांनी विचारलं. तोंडातली हत्यारं सांभाळत मी म्हटलं, "नाही. जरा डावीकडे वळता?"

कापडाचं दुखणं आणखी वेगळं. माझ्या बाहुल्या एकास सहा प्रमाणाच्या, म्हणजे सहा फुटी माणूस एक फुटाचा होतो. माणूस लहान होतो, कापड होत नाही. त्याचा धागा, त्याची जाडी, त्याचा ताठपणा तेवढाच राहतो. नव्या सुती कापडाचा झगा शिवला तर तो खाली पडत नाही, बाहुलीभोवती तंबू ठोकून उभा राहतो. मग तो ओला करा, एकेक चुणी टाचणीने दाबा, पातळ केलेला गोंद लावा आणि रात्रभर प्रार्थना करा. त्यापेक्षा धुऊन धुऊन विरलेलं, बारीक नक्षीचं जुनं कापड बरं. असं कापड दुकानात मिळत नाही, लोकांच्या अंगावर असतं. बायकोच्या काकांकडे एक शर्ट होता. नक्षी मोहरीएवढी, कॉलर झिजलेली, पोत तर काय सांगावा! मी त्यांना सहज विचारलं, "काका, हा शर्ट अजून किती दिवस वापरणार?" काकांनी ते मनाला लावून घेतलं. पुढच्या वेळी आले ते नवा कोरा, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. जुन्याचं काय केलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "टाकला! आता तरी समाधान झालं?" त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

केसांचं थोडक्यात सांगतो. माणसाचा केस एवढ्याशा डोक्यावर फार जाड दिसतो, म्हणून मोहेर नावाची बारीक लोकर वापरतात. मोहेर अंगोरा जातीच्या बकरीची, आणि अंगोरा लोकर मात्र सशाची. ही व्यवस्था कुणी लावली असेल ते असो. हे कळण्याआधी मी केस कापून झाल्यावर खालचे केस पिशवीत भरून मागितले होते. न्हावी दादांनी ते दिले, पण तेव्हापासून माझी मान धरताना त्यांचा हात किंचित थरथरतो.

घरी फार बोलणी बसली की मी केथे क्रूझचं उदाहरण देतो. ही जर्मन बाई. 1905 साली तिच्या लेकीला बाहुली हवी होती. नवरा शिल्पकार. त्याने विकतची बाहुली आणायला साफ नकार दिला आणि वर, तूच कर, असं कळवलं. तिने टॉवेलात वाळू भरली आणि डोक्याच्या जागी बटाटा बांधला. 1910 मध्ये बर्लिनच्या एका मोठ्या दुकानात तिच्या बाहुल्या मांडल्या गेल्या आणि पुढे त्यांचा कारखानाच उभा राहिला. ही गोष्ट मी उत्साहाने सांगतो. बायको शांतपणे ऐकून घेते आणि म्हणते, "म्हणजे नवरा नुसता नाही म्हणाला, तरी बाईचा कारखाना झाला. तू काय म्हणतोस?" मला त्या बटाट्याचं पुढे काय झालं याचीच चिंता लागून राहते.

दुसरं उदाहरण मी घरात काढतच नाही. 1889 साली रोममध्ये पाया खणताना क्रेपेरेया त्रिफाएना नावाच्या तरुणीची शवपेटी निघाली. तिच्याशेजारी हस्तिदंताची बाहुली होती, अठराशे वर्षांहून जुनी. तिचे सांधे हलतात, गुडघे वाकतात. माझ्या बाहुल्यांचे पाय अखंड क्लेचे, आणि पावलांतून निघालेली तार लाकडी पाटात रोवलेली. त्या जन्मभर उभ्या. रोमन कारागिराला जे जमलं ते तुला का जमत नाही, असं कुणी विचारलं तर काय सांगणार?

पण खरा वनवास चेहऱ्याचा. 1970 साली मासाहिरो मोरी या जपानी रोबोटतज्ज्ञाने मांडलं होतं की कृत्रिम आकृती माणसासारखी होत गेली की आधी आवडत जाते, पण हुबेहूब होण्याच्या थोडं अलीकडे एकदम भीतिदायक वाटू लागते. त्या 'थोडं अलीकडे'मध्ये मी कायमचा वस्तीला आहे. काचेच्या डोळ्यावर पापणी अर्धा मिलिमीटर खाली आली तर प्रेमळ बाई संशयी होते. तेवढीच वर गेली तर तिला कुणीतरी मागून टोचल्यासारखी दिसते.

अशात एका कुटुंबाने आजींच्या वाढदिवसाला त्यांचीच बाहुली करायला सांगितली. फोटो पाठवा म्हटलं. प्रत्येकाने आपल्या आवडत्या काळातले फोटो पाठवले. कॉलेजातलं नाक, लग्नातली हनुवटी, आत्ताचे केस. मग सूचना सुरू झाल्या. थोरला मुलगा म्हणाला, "आईचा चेहरा जरा कडक आलाय, मऊ करा." पाठोपाठ धाकट्या सुनेचा मला एकट्याला निरोप, "नको, तसाच ठेवा." मुलीला सुरकुत्या नको होत्या, नातवाला त्याच हव्या होत्या. जावयांनी फक्त 'छान' एवढंच कळवलं. फार शहाणा माणूस. मी गाल भरले, उतरवले, ओठ हसवले, पुन्हा मिटवले, आणि शेवटी सगळ्यांना चालेल असा एक चेहरा भाजून काढला.

वाढदिवसाला मला मुद्दाम बोलावलं. आजींनी बाहुली हातात घेतली, चष्मा बदलला. आधी कपड्याची कड उलटून शिवण तपासली. "टीप सरळ आहे," म्हणाल्या. माझ्या जिवात जीव आला. मग चेहरा बघितला. बराच वेळ.

"ही कोण?"

"अगं आई, तू!" थोरला म्हणाला.

"मी? काहीतरीच काय. या आमच्या थोरल्या जाऊबाई."

सगळे पुढे सरकले. बघतात तर खरंच. कपाळ तेच, ओठ मिटण्याची तऱ्हा तीच. ज्या बाईंचा मी कधी फोटोही पाहिला नव्हता, त्या माझ्याकडे अर्ध्या मिटल्या पापण्यांनी बघत होत्या. धाकट्या सुनेला अचानक स्वयंपाकघरात काम आठवलं.

मी चाचरत म्हटलं, "आजी, चेहरा बदलून देतो. आठवडाभरात."

"काही नको." आजींनी बाहुली समोरच्या टेबलावर ठेवली. स्वतः आरामखुर्चीत रेलून बसल्या, पाय पसरले आणि तिच्याकडे बघत मला विचारलं, "या खाली बसतात का रे?"

"नाही आजी. पाय वाकत नाहीत. उभ्याच राहतात."

"मग राहू दे," आजी म्हणाल्या. "त्या बसल्या की इतकी वर्षं मी उभी असायचे."