कर्ण, लसावि आणि ६१७४

नाशिकरोडच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर परवा वाद पेटला. एकाच्या मुलीला मराठीतून गणिताचे व्हिडिओ करायचेत. दुसऱ्याने लिहिलं, 'कर्ण, लसावि, परिमेय... कोण बघणार? गणित इंग्रजीतच शोभतं.' खाली सात अंगठे. उत्तर टाइप करता करता इथे इंग्लंडात, नॉटिंगहॅमजवळ, माझा बीस्टनचा ट्रामस्टॉप हुकला.

शोभतं म्हणजे काय रे? न्यूमरफाइल हे गणिताचं इंग्रजी यूट्यूब चॅनल बघा, २०११ पासून चाललंय. खाकी कागद, जाड मार्कर, खाडाखोड आणि समोरच्याचं 'पण का?' बस. आपल्याकडचे शॉर्ट्स म्हणजे 'दोन सेकंदांत वर्ग काढा'. का निघतो, ते विचारायचं नाही. (इथलीही पोरं तसलंच बघतात, पण तो मुद्दा आत्ता नको.)

त्याच न्यूमरफाइलवर मला ६१७४ भेटला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्या, ६१७४ येतोच. १९४९ मध्ये हे दाखवणारे द. रा. कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. देवळाली! आम्ही सायकलवर जायचो तिथे. दहा वर्षांत एकाही बाईंनी त्यांचं नाव काढलं नाही, आणि मला ते कळलं नॉटिंगहॅमच्या थंडीत.

तावातावाने लिहिलं, 'मीच करतो एक.' मुलीच्या शाळेला हाफ टर्मची, म्हणजे सत्राच्या मधली, सुट्टी होती. पार्सलचा खाकी कागद पसरला, मुलीच्या हातात फोन दिला, कापरेकरांचं जन्मसाल घेतलं, १९०५. नेमक्या सात पायऱ्या लागतात त्याला. पाचवीला ९९६३ वजा ३६९९. मी म्हणालो, 'तेरातून नऊ गेले चार, हातचा एक...'

'बाबा, हातचा म्हणजे?'

तिला सांगितलं कसंबसं. रात्री व्हिडिओ लावला तर ३६९९ ला मी ठणठणीत आवाजात 'छत्तीसशे एकोणनव्वद' म्हणतोय. ९९ ला एकोणनव्वद! २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात बासष्टला 'साठ दोन' असा पर्याय दिला, तेव्हा याच ग्रुपवर मीच सर्वांत जास्त चिडलो होतो. 'आम्ही नाही का शिकलो?' असं लिहिलेलं अजून सापडेल.

काल मित्राने विचारलं, 'व्हिडिओ कुठंय?' मी लिहिलं, एडिटिंग चाललंय.