सोसायटीचा हिशेब कुणी मागायच्या आधीच मांडा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(निवृत्त आहात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणते.)

कमिटीने खर्चाची व्हाउचरं, म्हणजे पैसे दिल्याच्या पावत्या, दर महिन्याला सभासदांपुढे ठेवावीत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर पाथर्डी फाट्याहून तुमची सणसणीत प्रतिक्रिया आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कमिटीतली माणसं फुकट राबतात, प्रत्येक बिलाला फाटे फोडले तर उद्या सेक्रेटरी व्हायला कुणी मिळणार नाही, मीटिंगला न फिरकणाऱ्यांना हिशेब कशाला हवा, बिलं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नयेत, आणि माहितीचा अधिकार सोसायटीला लागूच नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेते. तो बरोबर आहे. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात न चालणाऱ्या सहकारी संस्था त्या कायद्यात येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने 2013 साली केरळातल्या थलप्पलम बँकेच्या प्रकरणात सांगितलं. पण सोसायटीच्या सभासदाचं त्यावाचून अडत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 नुसार उपविधी (संस्थेचे स्वतःचे नियम), ऑडिट झालेला शेवटचा ताळेबंद, सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं आणि कमिटीच्या बैठकांचीही इतिवृत्तं त्याला संस्थेच्या ऑफिसात फुकट बघता येतात. या यादीत व्हाउचरं मात्र नाहीत. म्हणूनच कमिटीने ती आपणहून दाखवावीत, असा माझा आग्रह आहे.

आणि यात कमिटीवर संशय कुठे आला? टँकरचंच बघा. उन्हाळ्यात बोअर आटलं की आमच्याकडे टँकर सुरू होतात. फायलीत व्हाउचर काय, तर ‘पाणी, एप्रिल, रोख’. खाली खजिनदाराची सही. एवढ्या कागदावर जिन्यात कुजबुज होणारच, आणि भला माणूस नाहक बदनाम होणार. तेच वॉचमनच्या वहीत तारीख, टँकरचा गाडी नंबर, आत आल्याची वेळ आणि ड्रायव्हरची सही असेल, आणि बिलाला त्या पानाची झेरॉक्स टाचलेली असेल, तर विचारायला उरतंच काय? वहीला वीस-तीस रुपये पडतात.

कोटेशनचंही तेच. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी आलेली तीन कोटेशनं मी स्वतः पाहिलीत. लेटरहेड तीन वेगवेगळी, पण ‘वॉटरप्रूफिंग’ तिन्हींत एकाच पद्धतीने चुकीचं लिहिलेलं! कमिटीला ते माहीत होतं असं मी म्हणत नाही. बहुतेक कुणी एका बैठकीत तिन्ही शेजारी ठेवून वाचलीच नसावीत. सभासदांपुढे आठवडाभर राहिली असती तर चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांनी पाच मिनिटांत पकडलं असतं. फुकट राबणाऱ्या कमिटीला हे फुकटचे डोळे का नकोत?

लोक मीटिंगला येत नाहीत, हे खरंच. पण आपण बोलावतो कसे तेही बघा. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायचीच म्हणून शेवटच्या रविवारी ठेवायची. नोटीस चौदा दिवस आधी लागते, तीत विषय ‘हिशेब मंजूर करणे’, सोबत हिशेबाचा कागद नाही. कोरमला, म्हणजे सभा वैध ठरायला, दोन तृतीयांश किंवा वीस, यांतले कमी असतील तेवढे सभासद लागतात. तेवढे जमत नाहीत. मग अर्ध्या तासाने तहकूब सभा, जिला कोरमची अट नाही, आणि सात-आठ जणांत सगळं मंजूर. चहा गार व्हायच्या आत. ज्याला आधी काहीच वाचायला मिळालेलं नाही, तो येऊन बोलणार काय?

व्हॉट्सॲपबाबत मात्र मी शंभर टक्के तुमच्या बाजूने आहे. बिलं ग्रुपवर टाकू नयेत. रात्री साडेअकराला कुणीतरी लाल गोल काढलेला फोटो टाकतो आणि सकाळपर्यंत पार्किंगची जुनी भांडणं उकरली जातात. त्यापेक्षा जमाखर्चाचं एक पान नोटीस बोर्डावर लावावं आणि व्हाउचरची फाइल रविवारी सकाळी तासभर ऑफिसात उघडी ठेवावी. ज्याला खरंच बघायचंय तो जिने उतरून येईल. थकबाकीदारांची नावंही बोर्डावर नकोत; त्यासाठी उपनिबंधकांकडून वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्याचा आदेश) घेण्याचा रस्ता आहे.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, पण ती महत्त्वाची आहे: तुमची इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट आहे, म्हणजे सहकारी संस्था म्हणून नोंदलेलीच नाही. नाशकात अशा पुष्कळ आहेत. तिथे 1970 चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा लागतो, सहकारी संस्था अधिनियम नाही. सामाईक खर्चाची वाटणीही सामाईक जागेतल्या प्रत्येकाच्या अविभक्त हिश्शाच्या टक्केवारीने होते. मोठ्या फ्लॅटवाल्याला जास्त भार. तेव्हा तुमच्याकडे कुणाला काय बघता येतं, हे तुमच्या घोषणापत्रात (इमारत या कायद्याखाली आणणाऱ्या दस्तात) आणि उपविधीत शोधावं लागेल. कपाटात सापडत नसेल तर घोषणापत्र नोंदलेलं असतं. दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रत काढता येईल.