पिवळ्या पानांचे कारण आधी ओळखावे

कॅमेलिया या फुलझाडाची पाने पिवळी पडल्यास खताची मात्रा वाढवावी, हा आपण छापलेल्या लेखातील सल्ला आमच्या बेळगाव भागातील वाचकांनी झाड नीट पाहिल्याशिवाय अमलात आणू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहत असतील, तर ते बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. मातीत लोह असूनही तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) जास्त असल्यास मुळांना ते घेता येत नाही, आणि अशा वेळी नुसते खत वाढवल्याने मुळांनाच इजा होण्याचा धोका असतो. या झाडाला साधारणपणे ५.५ ते ६.५ सामू मानवतो. म्हणूनच खानापूरकडील आम्लधर्मी तांबडी माती त्याला अथणीकडील अल्कधर्मी काळ्या मातीपेक्षा अधिक योग्य ठरते.

माझ्या कुंडीतील झाडाला मी दोन वर्षे बोअरचे क्षारयुक्त जड पाणी घालत होतो, ही चूक होती. पावसाचे साठवलेले पाणी आणि चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातील लोहाची) फवारणी सुरू केल्यावर नवी पालवी हिरवी आली. आधी पिवळी पडलेली पाने मात्र फारशी सुधारली नाहीत.

पानांवरील काळ्या काजळीविषयी लेखात बुरशीनाशक सुचवले आहे. ही बुरशी खवले किडीच्या चिकट स्रावावर वाढते, त्यामुळे पानांची खालची बाजू तपासून, कीड दिसल्यास संध्याकाळी निंबोळी तेल फवारावे.