"सॅटेलाइटचं पेटंट होतच नाही, हे आधी का नाही सांगितलं?" या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल दिलगीर आहोत. फोन उचलत नाहीत ही तक्रार नोंदवून घेतली आहे, त्याचं बघतोय.

पण "उपग्रह संपर्क यंत्रणेला भारतात पेटंट मिळत नाही हे माहीत असून यांनी फी उकळली" हे वाक्य जिव्हारी लागलं. आमचं ऑफिस छोटं, नवा माणूस रिव्ह्यू बघूनच येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उपग्रह, अँटेना, मोडेम, सिग्नल पाठवायची पद्धत, या सगळ्याला पेटंट मिळू शकतं. पेटंट कायद्याचं कलम ३(के) अडवतं ते गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि नुसता कॉम्प्युटर प्रोग्रॅम. तुमच्या एफईआरमध्ये, म्हणजे पेटंट ऑफिसच्या पहिल्या तपासणी अहवालात, आक्षेप त्याचाच आहे, उपग्रहाचा नाही.

तो ओढवला कसा, तेही सांगतो. खालच्या कक्षेतला उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो. जमिनीवरच्या टर्मिनलने पुढचा कधी पकडायचा, हा तुमचा शोध. क्लेम म्हणजे अर्जातला तो भाग, ज्यात नेमकं कशावर हक्क मागतोय ते लिहितात. आमच्या ड्राफ्टमध्ये क्लेम १ च्या शेवटी होतं, "...आणि त्या निर्णयानुसार अँटेनाचा बीम पुढील उपग्रहाकडे वळवणे". ही ओळ तुम्ही काढायला लावलीत. का, तर अँटेना घातली की क्लेम लहान होतो आणि प्रतिस्पर्धी निसटतो. मी तेव्हाच म्हटलं होतं की ओळ गेली तर मागे फक्त आकडेमोड उरते. मेल आहे, इथे टाकणार नाही. ग्राहकाची गोष्ट बाहेर न सांगणं यावरच आमचं पोट आहे. क्लेम मात्र प्रसिद्ध झालेला आहे, कुणीही काढून वाचावा.

"अमेरिकेत मिळतं" असं तुम्ही लिहिलंत. खरं आहे. २०१४ मध्ये कॅल्टेक (विद्यापीठ) विरुद्ध ह्यूजेस (उपग्रह इंटरनेट कंपनी) खटल्यात उपग्रह इंटरनेटच्या डेटातल्या चुका दुरुस्त करणाऱ्या कोडिंगची पेटंटं कॅलिफोर्नियाच्या कोर्टात याच मुद्द्यावर टिकली, आणि तिथे तर जवळपास सगळं गणितच होतं. पण तो त्यांचा कायदा, आपल्या कंट्रोलरवर, म्हणजे पेटंट द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या अधिकाऱ्यावर, तो बंधनकारक नाही. आपल्याकडे आधार आहे तो दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या फेरिद अल्लानी निकालाचा: शोधाचा तांत्रिक परिणाम दिसत असेल, तर प्रोग्रॅम आहे एवढ्यावरून नाकारता येत नाही. आता बीम वळल्याशिवाय तांत्रिक परिणाम दाखवायचा कुठे?

फीबद्दल एकच. लवकर तपासणीचे ८,००० रुपये सरकारजमा झाले. स्टार्टअप म्हणून नोंद नसती तर तेच ६०,००० पडले असते. ती सवलत कोणी मिळवून दिली, हे रिव्ह्यूत राहून गेलं.

अँटेनाची ती ओळ अर्जातल्या शोधाच्या वर्णनात मी हट्टाने ठेवली होती, म्हणूनच कलम ५९ प्रमाणे क्लेम आता आवळून घेता येतो. वर्णनातही नसती तर नव्याने घालता आली नसती. यापुढे क्लेममधल्या बदलांना लेखी होकार घेऊ, फोनचीही काहीतरी व्यवस्था करू.

एफईआरला उत्तर द्यायला सहा महिने असतात, मुदतवाढीचा फॉर्म ४ भरला तर आणखी तीन. त्याची फी वेगळी पडते, मग पुन्हा आम्हीच वाईट. उत्तराचा मसुदा तयार आहे, तुमच्या होकारावाचून अडलाय. तेवढा कळवा. स्टारचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

आपला,
पेटंट एजंट व संचालक