तुपाला पशुवैद्याचा दाखला

दिवाळीच्या तोंडावर आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अण्णानं लिहिलं, ‘मनगट असावं तर ब्रिटनसारखं. युरोपला लाथ मारली आणि बाहेर! आपण आसियानचा करार कधी फाडणार?’ खाली सात अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या बहिणीचा.

अण्णा माझा चुलतभाऊ. तासगावला द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड. चिनी बेदाणा आडवाटेनं देशात शिरतो आणि सौद्यात भाव पाडतो, हा त्याचा राग, आणि तो खोटा नाही. पण आसियान म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांचा गट, चीन त्यात नाही. आडवाटेचा माल करार फाडून थांबत नसतो, तो नाक्यावर अडवावा लागतो. हे तिकडे सांगायला गेलं की ‘तू साहेबांच्या देशातला’ असं ऐकून घ्यावं लागतं.

तर साहेबांच्या देशातलं सांगतो. लेस्टरला बायको आणि मी एका छोट्या युनिटमध्ये तूप कढवतो, श्रीखंड करतो, शेंगदाणे-पोहे-बेदाणा पिशव्यांत भरून विकतो. 2020 पर्यंत डब्लिनच्या नि ॲमस्टरडॅमच्या मराठी घरांची ऑर्डर आली की बिल लिहायचं, पेटीला टेप लावायची, कुरियरवाल्याच्या हाती द्यायची. मेल्टन रोडवर पाठवणं आणि डब्लिनला पाठवणं यात फरक फक्त भाड्याचा.

31 डिसेंबर 2020 ला ब्रिटन युरोपीय संघाच्या बाजारातून बाहेर पडला आणि ते संपलं. संघाशी व्यापाराचा करार झाला होता, तोही आदल्या आठवड्यात, नाताळच्या आदल्या दिवशी. जकात शून्य म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण जकात हा धंद्यातला लहान त्रास असतो, हे मला तेव्हा कळलं. तूप दुग्धजन्य, म्हणून प्रत्येक खेपेला सरकारमान्य पशुवैद्याच्या सहीचा आरोग्य दाखला. बारा बरण्यांची पेटी असो की भरलेला ट्रक, दाखला तोच. पशुवैद्याचं बिल बरण्यांच्या किमतीवर जायला लागलं तेव्हा आम्ही डब्लिनला ‘आता जमणार नाही’ असं कळवलं. ट्रक भरणाऱ्याला तो खर्च जाणवत नाही. मोठ्यांनी कागदपत्रांसाठी माणसं नेमली, आमच्यासारख्यांनी युरोप सोडला.

आणखी एक गंमत. शून्य जकात फक्त ब्रिटनमध्ये बनलेल्या मालाला. तासगावचा बेदाणा लेस्टरात पाव किलोच्या पिशव्यांत भरला, वर युनियन जॅक छापला, तरी करारापुरता तो भारतीयच. नुसती पिशवी बदलून मूळ बदलत नाही, असा नियमच आहे. हे वाचलं तेव्हा माझ्या खिशात नवा कोरा ब्रिटिश पासपोर्ट होता, म्हणून जरा जास्तच हसू आलं.

सरकारच्या अंदाजपत्रकाचे हिशेब तपासणारं इथलं कार्यालय, ओबीआर, सांगतं की युरोपात राहिलो असतो त्यापेक्षा देशाची उत्पादकता दीर्घकाळात 4 टक्क्यांनी आणि आयात-निर्यात 15 टक्क्यांनी कमी राहील. यावर अण्णाचं उत्तर तयार असतं: ‘पण बाहेर पडले म्हणूनच भारताशी करार झाला ना?’ झाला, जुलै 2025 मध्ये सही झाली, आणि युरोपात असते तर ब्रिटनला एकट्यानं तो करताच आला नसता. हे मान्य. पण ब्रिटनच्या निर्यातीतला 40 टक्क्यांहून जास्त वाटा अजूनही त्याच शेजाऱ्यांचा आहे. बांधाला बांध लागून असलेल्या माणसाशी बोलणं तोडायचं आणि चार तालुके ओलांडून सोयरीक करायची, यातला शहाणपणा तासगावात तरी कोणी मला समजावून सांगावा.

2019 मध्ये भारत आरसेपमध्ये, म्हणजे आसियान, चीन वगैरे देशांच्या व्यापार करारात, गेला नाही, त्याचाही अण्णा दाखला देतो. पंगतीला न बसणं वेगळं. सत्तेचाळीस वर्षं जेवून ताटावरून उठणं वेगळं. उठणाऱ्याचं अन्न, चूल, भांडी सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं.

एवढं सगळं मी ग्रुपवर टाइप केलं आणि पुसलं. कारण युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं, या 23 जून 2016 च्या सार्वमतात मी कुठे शिक्का मारला, हे तिथे कोणालाच ठाऊक नाही.

मी ‘लीव्ह’ला, म्हणजे बाहेर पडायला, मत दिलं होतं. तेव्हा माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून मला मत होतं. स्विंडनमधले गोव्याचे मित्र पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले, त्यांना नव्हतं. आणि गोदामात रात्रपाळीला माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या पोलिश बाईलाही नव्हतं. ती व्हिसाशिवाय आली, पाठोपाठ तिची आई आली, मागच्या खोलीत राहिली, नातवाला शाळेत सोडू लागली. माझ्या आईला आणायचं तर 2012 नंतरचे नियम असे की वकिलानं फाइल उघडलीही नाही. व्हिसाची फी मी भरायची, 2015 पासून आरोग्याचा अधिभारही मीच भरायचा. युरोपला आठवड्याला 35 कोटी पौंड जातात, हा ‘लीव्ह’वाल्यांनी प्रचाराच्या बसवर रंगवलेला आकडा मला खरा वाटला नव्हता. युरोपची रांग बंद झाली की करी-हॉटेलांना आपल्याकडचे आचारी आणता येतील, असं ‘लीव्ह’च्या प्रचारातल्या मंत्री प्रीती पटेल सांगत होत्या, तेही नाही. मला फक्त त्या बाईनं माझ्या रांगेत उभं राहायला हवं होतं. निकालाच्या सकाळी पौंड 1985 नंतरच्या नीचांकाला गेला होता आणि ती नेहमीसारखी डब्यातलं लोणचं माझ्यासमोर सरकवत होती.

म्हणून अण्णाला मनगटाबद्दल काय सांगू? त्याचा राग बेदाण्याचा, माझा आईचा. आई तासगावातच आहे, अण्णाच्या माडीवर. तिची औषधं, तिचा चष्मा, सगळं वहिनी बघते. दर रविवारी अण्णा फोन लावतो, तिच्या कानाशी धरतो, तिला नीट ऐकू येतंय ना एवढं विचारतो आणि शेडकडे निघून जातो.