फातिहा काढलात, मग कवितेत उरलं काय?

आज संध्याकाळी सोसायटीत शोकसभा होती. तिसऱ्या मजल्यावरचे काका गेले. चार जण चांगलं बोलले. मग एकांनी मोबाईल काढला आणि ‘एका अज्ञात हिंदी कवीची कविता’ म्हणून वाचायला सुरुवात केली, ‘तुम्हारी समाधि पर मैं फूल चढ़ाने नहीं आया...’

माझ्या हातापायांना कंप सुटला. उर्दू शायर निदा फाजली अज्ञात? आणि समाधी कुठून आली? वडील गेल्यावर त्यांनी लिहिलेल्या या कवितेची मूळ ओळ आहे, ‘तुम्हारी क़ब्र पर मैं फ़ातिहा पढ़ने नहीं आया’. फातिहा म्हणजे गेलेल्या माणसासाठी वाचायची कुराणातली प्रार्थना. कबर काढली, फातिहा काढला, वर माणसाचं नावही काढलं. कुणीतरी बसून, विचार करून हे केलंय. आणि आपण ते पुढे पाठवत राहतो.

मला ही कविता कशी मिळाली ते सांगते. एप्रिल २०२०. बाबा मिरजेत गेले, मी नागपुरात. सगळं बंद. चुलतभावाने मोबाईलवर दाखवलं तेवढंच शेवटचं दर्शन, तेही मध्येच अडकलं आणि बाबांचे फक्त पाय दिसत राहिले. समोरच्या फ्लॅटमध्ये उर्दू शाळेतून निवृत्त झालेले सर राहायचे. रात्री ते आपल्या दारात उभे राहिले, मी माझ्या दारात. तोंडावर रुमाल बांधून त्यांनी ही अख्खी कविता तोंडपाठ म्हटली. मग म्हणाले, ‘बेटा, इनके वालिद कराची में गए, ये बंबई में थे. ये भी नहीं जा सके.’

बस. दुसरं कुणी काही बोललेलं मला त्या दिवसांतलं आठवत नाही.

निदांचं घर ग्वाल्हेरचं. १९६५ मध्ये आईवडील पाकिस्तानात गेले, हा मुलगा इथेच राहिला. मुंबईत ‘धर्मयुग’, ‘सारिका’ या हिंदी नियतकालिकांसाठी लिहून पोट भरलं. वडील स्वतः शायर. म्हणून तर ‘लिहायला कागद-कलम उचलतो तेव्हा माझ्या खुर्चीत तुम्ही बसलेले दिसता’ ही ओळ नुसती कल्पना वाटत नाही. माझे बाबा शायर नव्हते, पतपेढीत कारकून होते. पण कोऱ्या कागदावर आधी मधोमध ‘श्री’ घालायचे, त्याची वेलांटी डावीकडे लांब ओढून. त्या एप्रिलनंतर वाण्याची यादी करायला बसले तरी माझ्या हातून तस्संच ‘श्री’ उमटतं. वेलांटीसकट.

आता कुणी म्हणेल, निदांची भाषाच इतकी सोपी की हिंदी म्हटलं तर काय बिघडलं. बरं, सोपी आहे. देवनागरीतूनच आपण ती वाचतो, हेही मान्य. पण १९९८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना उर्दूसाठी मिळाला, हे विसरायचं का?

आणि ज्यांना फातिहा खुपला, त्यांनी ही गोष्ट ऐकाच. कॉलेजात असताना निदांच्या वर्गातली एक मुलगी अपघातात गेली. ते दुःख मांडायला त्यांना आपल्या शायरीत शब्द सापडेनात. एके सकाळी देवळात कुणीतरी सूरदासांचं पद गात होतं, कृष्ण गेल्यावरही मधुबना तू हिरवा कसा, असं राधा विचारते ते. त्यांना तिथे आपलं दुःख भेटलं. ते पुढे सूर, कबीर वाचत गेले, दोहे लिहायला लागले. सूरदासांचा श्याम खोडून त्यांनी तिथे दुसरं कुणी बसवलं नाही. आपल्याला एक शब्द सोसवत नाही?

बरं, नुसत्या शब्दाचा प्रश्न असता तर मी गप्प बसले असते. पण कविता त्या शब्दावरच उभी आहे. सुरुवातीला मुलगा म्हणतो, मी फातिहा वाचायला आलो नाही. का? तर तुम्ही मेलाच नाहीत. आणि शेवटी म्हणतो, तुमच्या कबरीत मी पुरलेला आहे, तुम्ही माझ्यात जिवंत आहात, कधी सवड मिळाली तर फातिहा वाचायला या. बापानं मुलासाठी वाचायचा! समोरच्या दारातून सर ती ओळ म्हणत होते तेव्हा मी चौकट धरून खाली बसले होते. तिथे ‘फूल चढ़ाने चले आना’ घालून बघा. काय उरतं?

हे सगळं मी सभेत बोलणार होते. पण काकांच्या मुलाकडे लक्ष गेलं. तो परवा परदेशातून पोचला, सगळं आटोपल्यावर. ती मोडलेली कविता ऐकूनसुद्धा रडत होता. तसं रडणं मला माहीत आहे. मी उठले नाही.

घरी येऊन सरांना फोन लावला. ते आता मुलीकडे असतात, आवाज बारीक झालाय. मी झालेलं सांगितलं. रागावले नाहीत. ‘लिख लो, बेटा,’ म्हणाले आणि सावकाश, एकेक ओळ दोनदा म्हणत सगळी सांगितली.

लिहून झाली आहे. वर मधोमध ‘श्री’ पडलंय, नेहमीसारखं, ते राहू दिलं. खाली निदा फाजली. सकाळी तिसऱ्या मजल्यावर देऊन येते.